पाय उचलायचा नाही

माझा मेव्हणा वेंडेल आयसन आमच्या खोऱ्यातल्या घरांना गरम हवेची पत्र्याची नळकांडी बसवून द्यायचा. पत्रा कापणं, वाकवणं, रिव्हेट मारून जोडणं यात त्याचा हात धरणारा पूर्व टेनेसीत कुणी नव्हता. शर्यतीच्या गाड्या बांधायचं वेड त्याला शाळेत असल्यापासून. पण त्याची गाडी दर खेपेला ट्रॅकच्या फाटकावरच अडवली जायची. कधी इंजिन फार मागे सरकवलंय म्हणून, कधी बाजूचे पत्रे फार उंच आहेत म्हणून. मग आम्ही ती पुन्हा ट्रेलरवर चढवायचो, आणि घरी पोचेपर्यंत वेंडेल नियम करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. चालवायला मी असायचो. एरवी मी दुधाचा टँकर चालवत असे.

त्या वर्षी उन्हाळ्यात बक हॉलोच्या ट्रॅकचा मालक गार्लंड याने जाहीर केलं, की सप्टेंबरच्या सुट्टीत दुपारी एक मोठी शर्यत होईल आणि तिला नियम असा एकही नसेल. चार चाकं हवीत आणि आत माणूस हवा, बस्स. वेंडेल हे सांगायला आला तेव्हा मी जेवत होतो. त्याने टोपीसुद्धा काढली नाही. माझ्या ताटातला मक्याच्या पावाचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "आता बघू कोण अडवतंय."

ते नियम वेंडेलला जाचक वाटत, पण त्यांच्या आडोशाला मी इतकी वर्षं सुखरूप होतो, हे मला त्या दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

त्याने शेडमध्ये काम सुरू केलं. जाड पाइपांचा सांगाडा वेल्डिंग करून उभा केला आणि इंजिन इतकं मागे घेतलं की ते जवळजवळ माझ्या मांडीला मांडी लावून बसलं. माझी सीट त्याहून मागे, मागच्या चाकांच्या रांगेत. दोन्ही बाजूंना उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंच ॲल्युमिनियमच्या भिंती. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे छपराच्या वर चार खांबांवर तोललेला एक पंख, आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलाहून बराच मोठा, मागून वर उचललेला. विमानाचा पंख विमानाला उचलतो, हा उलटा आहे म्हणून गाडीला खाली दाबणार, असं वेंडेलने समजावलं. मी त्यात बसून पाहिलं. डावीकडे पत्रा, उजवीकडे पत्रा, समोर तेवढी एक खिडकीएवढी जागा. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसं वाटलं. बाजूला कोण आलंय ते दिसणार कसं, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, तुझ्या बाजूला कुणी येणारच नाही.

शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी गार्लंडने आम्हाला रिकाम्या लंबगोल ट्रॅकवर फेऱ्या मारू दिल्या. इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मातीच्या ट्रॅकवर गाडी सरळ जात नाही, ती वळणात आडवी फेकायची असते. मागची बाजू घसरते, तुम्ही उलटं स्टिअरिंग मारून तिला सावरता. ते घसरणं म्हणजे गाडीचं बोलणं. आणखी किती ताणता येईल, कुठे थांबायचं, सगळं ती बुडाखालून सांगत असते. ही गाडी काही बोलतच नव्हती. वळणात शिरलो आणि ती मातीला गोचिडीसारखी चिकटून राहिली. वेग असा की डोळ्यांसमोरचं सगळं थरथरायला लागलं, मान एका बाजूला ओढली गेली, आणि तरी घसरण्याचा पत्ता नाही. पुढच्या वळणात माझा पाय आपोआप पेडलवरून उठला.

त्याच क्षणी खालची जमीन ओढून घ्यावी तसं झालं. गाडी गरगर फिरली आणि उलट्या तोंडाने मातीच्या बांधाला टेकून थांबली. मी तसाच बसून राहिलो. मांडीला इंजिनचा चटका बसत होता, पण हलता येईना.

वेंडेल पळत आला, आधी पत्रे तपासले, मग माझ्याकडे पाहिलं.

"पाय उचललास ना?"

"उचलला."

"मग तसंच होणार. तिला वारा दाबून धरतो, लेका. वेग कमी झाला की दाब गेला. सरळ रस्त्यावर हवा तेवढा ब्रेक मार. वळणात मात्र भीती वाटली तरी पाय उचलायचा नाही."

"आणि जास्तच भीती वाटली तर?"

"तर जास्त दाबायचा," असं म्हणून तो हसला.

मला हसू आलं नाही. माझी भीती आजवर माझ्या उजव्या पायात राहत आली होती. तिनेच मला इतक्या वर्षांत धडधाकट घरी आणलं होतं. या गाडीत तिचं ऐकलं की मरण, आणि नाही ऐकलं तर काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं, बांधणाऱ्यालासुद्धा.

त्या संध्याकाळी मी नोलाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की मी ही गाडी चालवणार नाही. ती अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. तिने चादरीची घडी पुरी केली आणि मग म्हणाली, "नको चालवूस. पण मग तो स्वतः बसेल."

मला ते ठाऊक होतं. वेंडेलच्या एका डोळ्यात पूर्वी पोलादाची कपची गेली होती. त्या डोळ्याने त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. नोलाने मला चालव म्हणून एका शब्दाने सांगितलं नाही. तिला ते सांगवेना, आणि मलाही पुढे काही विचारवेना.

शर्यतीच्या दिवशी डोंगरापलीकडची माणसंसुद्धा आली. लोक ट्रेलरभोवती गोळा होऊन गाडी बघत होते. एकाने ओरडून विचारलं, की वेंडेल, ही हीटरला कुठून जोडायची? सगळे हसले, वेंडेलही हसला. त्याचा चेहरा लग्नाच्या दिवशीसारखा फुलला होता. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन ओकलो, चूळ भरली आणि हेल्मेट घातलं.

नोला मुख्य सरळ रस्त्यासमोरच्या फळ्यांवर बसली होती, खालून तिसऱ्या का चौथ्या रांगेत. तिथे लोकांच्या आणि ट्रॅकच्या मध्ये लाकडी खांब आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, एवढंच होतं. पलीकडच्या सरळ रस्त्याला तेवढंही नव्हतं. तिथे उतार आणि पाइनची झाडं.

हिरवा झेंडा पडला आणि मी दाबला पाय. पहिल्या फेरीतच सगळे मागे पडले. वळण आलं की गुडघा वर यायला बघायचा आणि मी त्याला खाली रेटायचो. प्रत्येक वळणात तेच. मी मोठ्याने स्वतःशी बोलत होतो, उचलू नको, उचलू नको. मागे राहिलेल्या गाड्यांना मी आता पुन्हा मागून गाठू लागलो. माझ्या बाजूला कुणी येणार नाही असं वेंडेल म्हणाला होता, पण मी दुसऱ्यांच्या बाजूला जाणार, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. एका निळ्या गाडीला ओलांडताना तिची मागची बाजू घसरत आली आणि माझ्या डाव्या भिंतीवर आदळली. मला दिसलं काहीच नाही. नुसता धडाका ऐकू आला.

गाडी सावरली. पण पुढच्या सरळ रस्त्यावर डोक्यावर टक् असा आवाज झाला. मग पुन्हा टक्. तो आवाज मी वेंडेलच्या शेडमध्ये हजारदा ऐकला होता. रिव्हेट निघत होते. त्या धक्क्याने पंखाचा डावा खांब वाकला होता आणि पंख वाऱ्यात फडफडायला लागला होता.

समोर, ट्रॅकच्या आतल्या मैदानात उंचवट्यावर वेंडेल उभा दिसला. तो दोन्ही हात वरून खाली, वरून खाली करत होता. थांब, कमी कर. पाय उचलायचा नाही असं शिकवणारा माणूस पाय उचल म्हणून जिवाच्या आकांताने सांगत होता. त्याचं तोंड उघडं होतं. वेंडेलला घाबरलेलं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून माझं उरलंसुरलं अवसान गेलं.

मी त्या वेळी मुख्य रस्त्यावर होतो. उजव्या हाताला ती जाळी, जाळीमागे माणसं. तिथे ब्रेक मारला असता तर पंख सुटून कुठे गेला असता कोण जाणे. पुढे वळण, आणि वळणात पाय उचलला तर गाडीच सुटणार. मग एकच उरलं. आणखी एक वळण पाय दाबून काढायचं आणि पलीकडच्या, झाडांकडच्या रस्त्यावर जे व्हायचं ते होऊ द्यायचं. हा मोठा विचार वगैरे नव्हता. मला फक्त नोलाची ती रांग मागे टाकायची होती.

त्या वळणात मी किंचाळत होतो. हेल्मेटमध्ये माझाच आवाज घुमत होता. वर पत्रा फाटत होता, टक् टक् टक्, आणि गाडी पहिल्यांदाच थोडी घसरली, बोलली म्हणा ना. वळण संपलं, समोर झाडं दिसली आणि मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो.

पंख छपराचा पत्रा उपटून गेला. डोक्यावर एकदम उजेड पडला. गाडी डावीकडे कलली आणि मग आकाश, माती, आकाश, माती.

थांबलो तेव्हा मी पट्ट्यांना उलटा लोंबत होतो. इंजिन बंद पडलं होतं. कुठेतरी पेट्रोल ठिबकत होतं. नाकात तो वास, खांद्यात जीवघेणी कळ. वेंडेल कधी आला कळलं नाही. पोटावर सरपटत तो आत घुसला आणि माझ्या पट्ट्याचं बक्कल उघडायला लागला. ते त्याला उघडता येईना. पत्र्यावर केसभर चूक न करणारे त्याचे हात असे थरथरत होते की बक्कल नुसतं वाजत होतं.

"हर्शेल, निघत नाही रे. निघतच नाही."

"हात काढ," मी म्हणालो. "मी काढतो."

माझा चांगला हात मुळीच कापत नव्हता. भीती संपली म्हणून नव्हे, सगळी खर्चून झाली होती म्हणून. मी बक्कल दाबलं, त्याच्याच अंगावर पडलो, आणि त्याने मला ओढत बाहेर काढलं. गाडी पेटली नाही. गळ्याखालचं, खांद्याकडचं हाड तेवढं मोडलं. नोला सगळं मैदान ओलांडून आली, गुडघे टेकून बसली आणि माझ्या कानातला चिखल अंगठ्याने काढत राहिली.

आठवडाभराने वेंडेल ट्रक घेऊन आला. पंख आणायला जायचंय, एकट्याने जमणार नाही, म्हणाला. माझा हात गळ्यात बांधलेला, मी काय कामाचा, पण मी बसलो. झाडांत बराच शोध घेतल्यावर तो सापडला. पत्र्याची कड एका पाइनच्या खोडात वीतभर आत रुतली होती, माणसाची मान येते त्या उंचीवर. वेंडेलने एकदा ओढून पाहिला. पत्रा हलला नाही.

तो पंजा खोडावर ठेवून उभा राहिला. प्रेक्षकांच्या फळ्या तिकडे होत्या, ट्रॅकच्या पलीकडे, झाडांतून दिसत होत्या.

"बाजूचं दिसणार कसं म्हणालास, तेव्हाच मी तुझं ऐकायला हवं होतं," तो म्हणाला.

त्याला बरं वाटेल असं म्हणण्यासारखं बरंच होतं, पण त्या दिवशी ते म्हणावंसं वाटलं नाही. आम्ही पत्रा तिथेच सोडला आणि ट्रककडे परत निघालो. उतार चढताना त्याने माझा चांगला हात धरला होता.