अर्ध्यावर अडकलेला बावटा

मी लाल बावटा बोलतोय. तो गृहस्थ पाण्यात नेमका केव्हा उतरला, हे मी पाहिलेलं नाही. आणि जे पाहिलं नाही ते सांगायचं नाही, एवढी शिस्त मी पाळतो.

जाड कापड, कडांना दुहेरी शिलाई, एका बाजूला दोन पितळी कड्या, असा माझा जन्म. किनाऱ्यावरच्या जीवरक्षक बाईंनी मला खांबावर चढवलं. सगळे त्यांना ताईच म्हणतात. मी वर असेन तर पोहायचं नाही, एवढाच माझा अर्थ. माणसं माझ्याखाली हसतमुखाने फोटो काढतात आणि तशीच पाण्याकडे वळतात.

त्या दुपारी लाटा लहान होत्या, पण पाण्याला आत खेचणारी ओढ होती. ताईंचा धाकटा भाऊ तिथेच पर्यटकांना वॉटर स्कूटरवर फिरवतो. त्याची कुरकुर सकाळपासून चालू होती.

"ताई, बादलीत याहून मोठी लाट येते! उतरव की आता."

"बादली माणसाला आत ओढत नाही."

"तू ना, बशीतल्या चहालाही बावटा लावशील."

ताई गुडघाभर पाण्यात गेल्या आणि ओढ तपासायला त्यांनी लाकडाचा तुकडा सोडला. तीनदा तो आत गेला. चौथ्यांदा काठाला आला, पाचव्यांदाही आला. तेव्हा कुठे त्यांनी माझी दोरी सोडली.

मी अर्ध्यावर आलो आणि दोरी कप्पीत अडकली. वाऱ्याने मला खांबाभोवती गुंडाळलं. ताई स्टुलावर चढल्या, भावाने स्टूल धरलं. दोघांचे डोळे माझ्यावर आणि समुद्राकडे दोघांचीही पाठ. फार तर दोन मिनिटं.

कपडे बदलायच्या खोलीतून एक स्त्री बाहेर आली आणि किंचाळली, "अहो! अहो, मागे फिरा!"

ताईंनी स्टुलावरूनच उडी टाकली. ओढीशी न झगडता त्या प्रवाहासोबतच आत गेल्या. भावाने स्कूटर पाण्यात लोटली. वाऱ्याने माझा एक कोपरा सुटला, तेवढ्यातून मला दिसलं: दूरवर एक डोकं वर यायचं, नाहीसं व्हायचं. चार वेळा आलं. पाचव्यांदा आलं नाही. ताईंचा हात पाण्याखाली गेला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.

वाळूवर तो गृहस्थ पाणी ओकला, खोकला, जगला.

प्रश्न मग उभा राहिला. बावटा वर असताना तो उतरला असेल तर चूक त्याची. नसेल तर नोकरी जाणार ताईंची.

"अहवालात वर होता असंच लिही," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

"अर्ध्यावर होता."

"अर्ध्यावर म्हणजे वरच ना गं!"

"आणि मी पाहत नव्हते, ते कुठे लिहू?"

त्या गृहस्थालाही विचारलं. "बावटा? मी तर पाणी बघत होतो," तो म्हणाला.

चौकशी संपेपर्यंत मी कार्यालयाच्या कपाटात घडी होऊन पडलो आहे. खांबावर नवा बावटा आहे. त्याच्याकडे जरूर बघा. फक्त राखण करणाऱ्यांनी त्याच्याकडेच बघत राहू नये.

ताईंनी अहवाल भरून दिला. दोरी सोडल्याची वेळ आहे, आरोळीची आहे, माणूस बाहेर काढल्याचीही आहे. पाण्यात उतरल्याच्या वेळेपुढची जागा कोरी आहे.