तंबू शिवणाऱ्या मशीनची बाजू

मी जुनी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे बोलता बोलता मी कुठे अडखळले, तर तुम्ही सांभाळून घ्याल. मित्रांनो, मी एक शिलाई मशीन आहे; पण शर्ट आणि फ्रॉक शिवणाऱ्या नाजूक मशिनींसारखी नव्हे. मी तंबू शिवते. माझी सुई दाभणाच्या जवळची, माझे चाक जेवणाच्या ताटाएवढे, आणि मला जागची हलवायची तर चौघांना मिळून "हं, उचला!" म्हणावे लागते. जन्मभर खाली कापडाकडे बघत राहिल्यामुळे मान वर करून बोलायची मला सवय नाही. माझी गोष्ट ऐकण्यात कोणाला काय गोडी असणार, अशी शंकाही मनात आहेच. पण एकदा माझ्यावर आळ आला होता. तेवढे तरी सांगावे म्हणते.

मी कारखान्यातून निघाले, तेव्हा माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. पहिली नोकरी मी ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे केली. तो मितभाषी माणूस होता, पण सकाळी स्वतःचा चहा पिण्याआधी मला तेल घालायचा. पुढे त्याची नजर अधू झाली आणि त्याने दुकान आवरले. त्याच सुमारास नदीकाठी सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी तंबूंचा कॅम्प काढायला निघालेले एक जोडपे त्याच्याकडे आले. त्यांनी मला घेतले आणि कोपऱ्यातले कॅनव्हासचे गठ्ठेही घेतले. त्यांची मुलगी त्यांना आई आणि बाबा म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणते. त्या मुलीला सगळे थोरली म्हणतात. तिच्या पाठीवर दुसरे कोणी नाही, तरी थोरलीच.

आईला तेव्हा बटणसुद्धा धड लावता येत नव्हते. तिची पहिली शिवण बघून बाबा म्हणाले होते, "ही शिवण आहे, की गाय चरत चरत गेली?" आई महिनाभर त्यांच्याशी तुटक बोलली आणि तेवढ्यात शिवायला शिकली. आम्ही दोघींनी मिळून सगळे तंबू उभे केले. सुती कॅनव्हास, जाड सुती दोरा, दुहेरी शिवण.

तंबू म्हटला की फाटणारच. कोणाच्या खुर्चीचा पाय लागतो, कोणाचा कुत्रा कोपरा चावतो. आई हाताला येईल त्या रंगाचे ठिगळ लावायची. आणि एक गंमत झाली, मित्रांनो. पाहुण्यांची मुले त्या ठिगळांच्या आकारांवरूनच तंबू ओळखू लागली. आमच्याकडे तंबूंना नंबर नाहीत. एक बुटाचा, एक कासवाचा, एक आजोबांच्या टकलाचा. दर सुट्टीत येणाऱ्या एका शाळेच्या बाई फोन उचलल्या उचलल्या विचारायच्या, "बुटाचा मोकळा आहे का हो? नाहीतर पोरं जेवायची नाहीत." नवे तंबू तर कोणीही विकत आणील, पण ठिगळासाठी पाहुणे भांडतात, हे मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही. शेडमध्ये बसून हे कानावर आले, की माझे चाक आपोआप हलके व्हायचे.

मग तो पूर आला.

नदी दरवर्षी चढते, काठच्या बाकापर्यंत येते आणि जाते. त्या सकाळी ती बाकापाशी थांबली नाही. कॅम्पवर पाहुणे नव्हते, हे नशीब. बाबांनी आई आणि थोरलीला वरच्या रस्त्यावर नेले. आई मागे वळून शेडकडे बघत होती. "अगं, ती काय उचलायची वस्तू आहे?" बाबा ओरडले, आणि ते खरेच होते. आधी माझे पाय पाण्यात गेले, मग चाक, मग मी सबंध. पाण्याखाली फार शांत असते. एवढेच आठवते.

पाणी ओसरले तेव्हा कॅम्प ओळखू येत नव्हता. स्वयंपाकघरातल्या फळीवर चिखल असा नीट थापलेला, की जणू कोणी गिलावाच केला होता. एक बाक झाडावर जाऊन बसला होता. आणि कोठीतले तंबू, आमचे बूट आणि कासव, कुंपणाच्या तारांवर लोंबत होते. चिरफाळलेले, चिखलाने पत्र्यासारखे ताठ झालेले.

बाबा त्या तारांशी बराच वेळ उभे राहिले. शेजारच्या वीटभट्टीवाल्याने आधीच निरोप धाडला होता: तुमच्या जागेवर छान गाळ बसलाय, जागा मला द्या, मी विटा पाडतो. बाबा आईला म्हणाले, "नवे तंबू घ्यायची आपली ऐपत नाही. सुट्टी लागायच्या आत हेच उभे राहिले तर कॅम्प, नाहीतर वीटभट्टी. मला दुसरं काही सुचत नाही."

"उभे राहतील," आई म्हणाली.

"कशावर शिवणार?" थोरलीने माझ्याकडे बोट दाखवले. माझ्या खणातून तेव्हा एक बेडूक बाहेर डोकावत होता. "आई, हिला भंगारात दे. खरंच सांगते."

मला राग आला नाही. आरशात पाहिले असते, तर मीही तेच म्हटले असते.

पण आईने मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावले. त्यांच्या कपड्यांवरून त्यांना सगळे तेलकट काका म्हणत. त्यांनी माझा सांधान् सांधा सोडवला, रॉकेलमध्ये बुडवला, ब्रशने घासला. त्या बेडकाला दोनदा बाहेर सोडले. दोन्ही वेळा तो परत आला.

"जगेल का हो?" आईने विचारले.

"वहिनी, लोखंड आहे ते. लोखंड बुडून मरत नाही, गंजून मरतं. तुम्ही वेळेवर बोलावलंत."

त्यांनी चाकावर नवा चामडी पट्टा चढवला आणि पायडल दाबले. मी घरघरले, खोकले आणि चालू लागले. सोनेरी वेलबुट्टी मात्र कायमची गेली. असू दे. शिवायला वेलबुट्टी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांची धाकटी बहीण, म्हणजे थोरलीची आत्या, मदतीला आली. आत्याचा आवाज आधी येतो आणि आत्या मागाहून. तिने रिक्षातून एक पोते उतरवले. "कपडे धुवायची पावडर आणलीय. दादा, तू बाजूला हो. वहिनी, पदर खोच. हे तंबू आहेत की म्हशी? आधी धुऊन काढू."

आसपासची माणसे आली, जुने पाहुणे आले, शाळेच्या बाई पोरांना घेऊन आल्या. सगळ्यांनी मिळून ते कॅनव्हास असे घासले, की फेस थेट नदीपर्यंत गेला. दोरीवर वाळत घातलेले कापड इतके पांढरे झाले, की बाबांना डोळे बारीक करावे लागले. "कॅम्प काढला तेव्हाही एवढे स्वच्छ नव्हते," ते म्हणाले. पुरानंतर ते पहिल्यांदा हसले.

मग आमचे काम सुरू झाले. दोन फाटक्या तंबूंतून एक धडका तंबू निघायचा. कासवाची पाठ बुटाच्या पोटाला जोडायची, टकलाचा कोपरा कासवाला. आई कापायची, थोरली कुरकुरत का होईना पण कापडाचा भार धरून ठेवायची, आणि मी टाके घालायची. माझ्या सुईने एकही टाका सोडला नाही. हे मी फुशारकीने सांगते आहे असे वाटेल. खरे म्हणजे, थोडी फुशारकी आहेच.

तंबू उभे राहिले आणि त्याच दुपारी पावसाची सर आली. सगळे कौतुकाने बघायला धावले. थोड्याच वेळात बुटाच्या तंबूतून आत्याची हाक आली, "अगं बाई, हे तर गळतंय!"

तो एकच नव्हे, सगळेच गळत होते. गाद्या भिजल्या. बाबा नुसते डोक्यावरून हात फिरवत राहिले.

आत्या म्हणाली, "गळणार नाही तर काय होईल? एवढी जाड सुई! चाळणी करून ठेवलीय कापडाची. आणि पुराचं पाणी प्यायलेली मशीन, ती काय सरळ शिवणार!"

"मी आधीच म्हटलं होतं," थोरली पुटपुटली.

मित्रांनो, मी शेडमध्ये उभी होते आणि मला सगळे ऐकू येत होते. मला आधी वाटले, त्यांचेच बरोबर असेल. भोके तर मीच पाडली होती. पुरात माझ्या आत काही वाकले असेल आणि तेलकट काकांना दिसले नसेल. वर्षानुवर्षे केलेले काम आठवले तरी अशा वेळी धीर येत नाही. उलट वाटते, तेव्हाही चुकतच असू, कोणी बोलले नसेल इतकेच.

"वीटभट्टीवाल्याला उद्या होकार कळवतो," बाबा म्हणाले आणि घराकडे वळले.

आई त्यांच्या मागे गेली नाही. तिने माझ्यासमोरचे स्टूल उचलले आणि भर पावसात बुटाच्या तंबूत जाऊन बसली. शेडच्या दारातून मला तो तंबू दिसतो. थोरली छत्री घेऊन आत शिरली.

"आई, भिजतेयस. चल ना."

"तंबूत छत्री घेऊन आलीस? मिट ती आधी. तुझा हात लांब आहे. ह्या शिवणीवरून फिरव."

थोरलीने चवड्यांवर उभे राहून शिवणीवरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. दुसरी शिवण, तिसरी शिवण.

"इथून थेंबही येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला होता. "सुती दोरा भिजून फुगलाय, भोकं बंद झालीत. आई, पाणी मधूनच येतंय. नुसत्या कापडातून!"

दोघी धावत शेडमध्ये आल्या. माझ्या पायाशी कॅनव्हासचा एक तुकडा पडला होता. कामाचा नाही म्हणून तो कोणी धुतलाही नव्हता. आईने त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतले. पाण्याचे गोल थेंब झाले आणि टपाटप घरंगळून गेले. मग तिने धुतलेल्या पांढऱ्या तुकड्यावर पाणी ओतले. कापडाने ते तहानलेल्यासारखे पिऊन टाकले.

"मेण!" आई म्हणाली. "कॅनव्हासला मुळात मेण लावलेलं असतं. आपण ते घासून घासून धुतलं."

एव्हाना सगळे दारात जमले होते. सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकीकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" आत्या म्हणाली. "पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं, मुळापासून सफाई!"

"झाली ना सफाई, वन्सं," आई म्हणाली, "मुळापासून!" आणि बाबांना इतके हसू आले, की त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

आत्या तशीच पावसात बाहेर पडली. सगळ्यांना वाटले, रुसली. संध्याकाळी ती रिक्षातून परत आली ती मेणबत्तीवाल्याकडून मेणाच्या वड्यांचे पोते घेऊन. "ह्या वेळी दोघांना विचारून आणलंय," ती म्हणाली आणि सरळ पाट ओढून बसली. पुढचे कितीतरी दिवस सगळे जण कापडावर मेण घासत होते आणि आत्या वरून गरम इस्त्री फिरवत होती. एकदा जाता जाता माझ्या चाकावरची धूळ तिने आपल्या पदराने पुसली. मला तेवढे पुरले.

सुट्टी लागली. शाळेच्या बाई बुटाच्या तंबूत उतरल्या. इतर कुटुंबेही आली. वीटभट्टीवाल्याला मात्र बाबांनी अजून नाही म्हटले नव्हते. "एक खरा पाऊस होऊ दे," ते म्हणायचे.

तो चौथ्या दिवशी दुपारी झाला, चांगला धो धो. आई टॉवेलांचा ढीग कवटाळून माझ्याजवळ उभी राहिली. कोणी भिजून धावत आले, तर द्यायला हवेत ना. बाबा तिच्या शेजारी. पाऊस वाजत राहिला, पण एकाही तंबूचे दार उघडेना. आणि मग बुटाच्या तंबूतून शाळेच्या बाईंचे यजमान डोक्यावर ताट धरून धावत सुटले. आईचे हात टॉवेलांवर घट्ट झाले.

"गळतंय का हो?" तिने ते पोचण्याआधीच विचारले.

"काय गळतंय?" ते धापा टाकत म्हणाले. "पत्त्यांचा जोड आहे का तुमच्याकडे? आमच्यातली राणी हरवलीय आणि पोरांनी भांडून तंबू डोक्यावर घेतलाय."

आईने टॉवेल माझ्यावर ठेवले आणि स्टुलावर बसून आधी हसली, मग डोळे पुसले. बाबांनी भिंतीवरचा फोन उचलला. "वीटभट्टी का? हां, मीच बोलतोय. नाही हो, जागा रिकामी नाही. माणसं राहतात तिथं."

मित्रांनो, माझे सांगून झाले. उपदेश करण्याइतकी मी शहाणी नाही, पण एक मागणे मागते. तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी जुने असेल, तर त्याला वेळेवर तेल द्या, पाणी लागले तर लगेच पुसा, आणि काही बिघडले तर पहिला ठपका त्याच्यावर ठेवू नका. थोडा वेळ त्याच्या कामात जाऊन बसा, हात लावून बघा. चूक त्याचीच निघाली, तर खुशाल दुरुस्त करा. आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही. न बघता टाकून दिले, की वाटते.

आता मात्र थांबते. कासवाच्या तंबूला कोणाच्या तरी कुत्र्याने भोक पाडले आहे, आणि आज पायडलवर आई नाही, थोरली बसली आहे. तिची शिवण, खरे सांगू का, गाय चरत गेल्यासारखीही नाही. गाय उधळल्यासारखी आहे. पण एकही टाका सुटलेला नाही. तेवढे मी बघते आहे.