कॅमेऱ्याच्या डावीकडे

कॅमेऱ्याकडे बघा म्हटलं की भल्याभल्यांचा चेहरा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा होतो. म्हणून आमच्या स्टुडिओत लेन्सकडे कोणी बघायचंच नाही, अशी पद्धत होती. बघायचं लेन्सच्या डावीकडे, जिथे माझी बायको उभी असायची. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. बँकेचे मॅनेजर असोत की मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकणारी नटी, ही त्यांना जावयाबद्दल, गुडघेदुखीबद्दल, काहीही विचारायची. समोरचा बोलता बोलता सैलावला की मी बटण दाबायचो. छापून नाव माझं यायचं. माझ्याशी ते गिऱ्हाईक धड बोललेलंही नसायचं.

गेल्या वर्षी ती गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली आणि परत आलो तो मी एकटाच.

तेव्हापासून माझ्या फोटोंत जीव नाही. मासिकाची संपादक फोनवर फार गोड बोलते, "फोटो छानच आलेत हो, पण जरा..." तिचं ते ‘पण जरा’ मला नीट कळतं. डावीकडे मी कोट अडकवायचा स्टँडसुद्धा ठेवून पाहिला. एका सीएने त्याच्याकडे असं काही रोखून बघितलं, जणू स्टँडनेच कर बुडवला होता.

परवा कारखान्याचे मालक आले. कंपनीच्या अहवालासाठी त्यांचा फोटो नेहमी मीच काढतो. खुर्चीत बसले, सवयीने डावीकडे वळले आणि थबकले.

"वहिनी कुठायत?"

मी सांगितलं. ते वाक्य अजून मला नीट बोलता येत नाही, खोकल्यासारखं बाहेर पडतं.

मालकांनी चष्मा काढला, पुसला. "मागच्या फोटोत मी हसतोय ना, ते त्यांच्यामुळे. मला म्हणाल्या, साहेब, घरी असं तोंड ठेवत जा, बायको खूश होईल. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बाई शहाणी आहे."

आम्ही दोघंही हसलो आणि मी कॅमेऱ्यावर वाकलो. फोटो काही जमला नाही.

ते गेल्यावर एकदम डोक्यात आलं. फोटो काढताना दिव्यावर लावतात त्या मोठ्या पांढऱ्या छत्रीसमोर आम्ही दोघं उभे असायचो. म्हणजे खुर्चीतल्या माणसाच्या बुबुळात त्या छत्रीचा पांढरा ठिपका पडणार आणि त्यात आमच्या दोन इवल्या काळ्या आकृत्या. लग्नातले, सहलीतले तिचे फोटो घरात ढीगभर आहेत. पण त्या जागेवर उभी राहून हातवारे करत बडबडणारी ती कुठल्याच फोटोत नाही. मला तीच हवी होती, मुंगीएवढी का होईना.

जेवण तसंच टाकून मी मालकांचा जुना फोटो उघडला. डोळा मोठा केला, आणखी मोठा केला. छत्री दिसली. छत्रीसमोर कॅमेऱ्यावर वाकलेला एक माणूस दिसला. मी. माझ्या शेजारी नुसतं स्वच्छ पांढरं.

नटीचा फोटो उघडला, मॅनेजरचा उघडला. दिसेल तो उघडत सुटलो. सगळीकडे मी एकटा.

फोटोंची शेवटची साफसफाई तीच करायची. मुरमं, विस्कटलेले केस, कॉलरवरचा धागा, सगळं निगुतीने काढायची. गिऱ्हाइकाची पसंती आली की मूळ फोटो पुसून टाकायची, जागा अडते म्हणून. फार पूर्वी एकदा मी तिच्या खांद्यावरून डोकावत वैतागून म्हणालो होतो, "डोळ्यात ही गर्दी कशाला? एक जण पुरे झाला." ती "बरं" म्हणाली होती. कोणाला ठेवायचं ते मी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं.

आधी मला तिचा राग आला. मग रडू आलं, भर दुपारी, दार सताड उघडं असताना.

आज आहे तसाच एकटा मी इतक्या लोकांच्या डोळ्यांत केव्हापासून उभा होतो. आणि तेव्हा तर ती माझ्या कोपराला कोपर लावून बडबडत होती.