कानसेनाचा होकार

कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणायचे, आणि उगाच नाही! तिथे खारं पाणी तापवणाऱ्या साठ उभ्या नळ्या होत्या. पाण्याच्या जोराने कणीएवढे स्टीलचे दाणे नळ्यांतून वर चढायचे, चढता चढता आतला क्षार खरवडायचे, बाजूच्या जाड नळातून खाली यायचे आणि पुन्हा वर. एखाद्या नळीतले दाणे थबकले, की ती चोंदलीच म्हणून समजा. हा पठ्ठ्या लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीला टेकवायचा, लाकडी मूठ कानाला लावायचा आणि म्हणायचा, "एकेचाळीस नंबर सुस्तावलीय." मीटर तेच सांगायचा, पण तासाभराने.

आता तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कान शाबूत कसे राहतील? गेले. तेव्हा त्याने मूठ दातांत धरायला सुरुवात केली. दाण्यांची थरथर थेट कवटीत चढायची. बाकीच्यांना वाटलं, उस्तादाची लकब असेल. यानेही तोंडातून ब्र काढला नाही. कानसेन बहिरा झाला म्हटल्यावर लोक हसतील, ही भीती! माणसांच्या बोलण्याला मात्र दात लावता येत नाहीत. तिथे त्याने दुसरी युक्ती काढली. समोरच्याचे ओठ थांबले, की मान डोलवायची आणि म्हणायचं, "हो."

बायकोलाही त्याने सांगितलं नाही. तिला वाटायचं, ह्यांचं आपल्याकडे लक्षच नाही. "अहो, मी काय भिंतीशी बोलतेय?" ती विचारायची. "हो," हा म्हणायचा. आधी ती हसायची. पुढे पुढे हसेनाशी झाली.

त्याच्या एका सुट्टीच्या दुपारी ती बाथरूममध्ये घसरून पडली. हा दहा पावलांवर खुर्चीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. तासाभराने मुलगी कामावरून आली, तेव्हा आईच्या हाका जिन्यापर्यंत येत होत्या. ती धावत आत गेली, ते बघून हा उठला.

मार डोक्याला होता. दवाखान्यात बायकोने त्याला जवळ बोलावलं. त्याने तिचा हात हातात घेतला. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मुलगी उभी होती. बायकोचे ओठ हलले आणि थांबले. काय म्हणाली, देव जाणे! पण अशा वेळी "काय?" कुठे विचारायचं?

"हो," तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला, मेला!

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हात सोडवून घेतला आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी ती गेली.

नंतर आठ दिवस मुलगी त्याच्याशी बोलली नाही. त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि मान वळवायची. बोलत नाही एवढं तर बहिऱ्यालाही कळतं. नवव्या दिवशी त्याचा बांध फुटला.

"बाळा, मला ऐकू येत नाही गं. पाच वर्षं झाली. लाजेपायी कुणाला बोललो नाही. शेवटी तुझी आई काय म्हणाली, तेवढं मला सांग."

मुलगी बराच वेळ रडली. मग तिने आई पडली त्या दुपारचा पेपर ओढला, अर्ध्या कोड्याच्या कडेला लिहिलं आणि त्याच्यापुढे सरकवला.

"आई म्हणाली, 'अहो, मी एवढ्या हाका मारत होते. तुम्हाला ऐकू येत होत्या का?'"

त्याने ते दोनदा वाचलं.

"नाही गं," तो त्या कागदाला म्हणाला. "नाही. नाही."