दाजींसमोर दोनच चकत्या

मी हिरव्या बनातीचा तुकडा बोलतोय. आज घडी घालून कपाटात पडलोय, पण एके काळी दर रविवारी दुपारी माझा काय थाट असायचा!

गिरणीत मला कोटासाठी विणलं होतं. रंग इतका भडक उतरला की एकाही शिंप्याने हात लावला नाही. शेवटी एका ताईंनी मला स्वस्तात उचललं, कडा शिवल्या आणि धाकट्या भावाच्या चष्म्याच्या दुकानामागे, खोलीतल्या टेबलावर अंथरलं. तिथे पत्त्यांचा पोकर चालायचा. पैज किरकोळ. पैशांऐवजी रंगीत चकत्या लावायच्या, आणि त्या संपल्या की माणसाने घरी जायचं.

कोण किती चकत्या सरकवतो, त्यावरून मला स्वभाव कळायचा. खेळायला येणाऱ्या बेकरीवालीला चांगली पानं आली की ती ढीगच्या ढीग लावायची. मग सगळे पानं टाकून मोकळे.

"अगं, थोड्या लावल्या असत्यास तर कुणीतरी आलं असतं," ताई म्हणायच्या.

"मला दम कुठे धरवतो?"

दाजी, म्हणजे ताईंचे यजमान, निवृत्त बसचालक. हातात काही नसताना खुशाल लावायचे. चष्मेवाला मात्र समोरच्याचं तोंड बघून नेमक्या एवढ्याच लावायचा, की त्याला धड सोडवायचं नाही, धड झेपायचं नाही. काय रंगायचे ते रविवार!

मग ताई गेल्या.

दाजी येत राहिले, पण गप्प गप्प. चकत्या संपल्या की त्यांना रिकाम्या घरी जावं लागणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून चष्मेवाला बाकीच्यांना सोलून काढायचा आणि दाजींसमोर कितीही भारी पानं असली तरी दोनच चकत्या लावायचा. दाजींच्या चकत्या संध्याकाळपर्यंत पुरायच्या. वर्षभर हेच चाललं.

एका रविवारी चष्मेवाल्याकडे तीन एक्के जमले. पानं माझ्यावरच पालथी असायची, मला सगळं दिसायचं. त्याने दोन चकत्या सरकवल्या. दाजींनी त्या बोटाने परत ढकलल्या.

"नीट लाव."

"लावल्यात की, दाजी."

"बेकरीवालीसमोर एवढ्याच लावल्या असत्यास?"

चष्मेवाला आपली पानं सारखी करू लागला.

"तुझी ताई गेली, माझी अक्कल नाही गेली. घर रिकामं आहे, माहितेय मला. मीच राहतो तिथे. पण इथे मला माझ्या मेहुण्याशी खेळायचंय."

बेकरीवाली मान खाली घालून बसली. दाजींकडे जेवढ्या उरल्या होत्या, तेवढ्या चकत्या चष्मेवाल्याने आपल्या ढिगातून पुढे केल्या.

"आलो," दाजी म्हणाले. त्यांची पानं बरी होती, पण पुरली नाहीत.

खिडकीत अजून ऊन होतं. दाजींनी चपला घातल्या. दारात थांबून म्हणाले, "आज खेळलास. पुढच्या रविवारी माझ्याकडे या सगळे. हा तुकडाही घेऊन ये."

पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्या घरच्या टेबलावर काढली. दाजी हरायचे, जिंकायचे, भांडायचे. आता तेही नाहीत, बेकरीवालीही नाही. चष्मेवाल्याने मला घरी आणून कपाटात ठेवलंय. तो थकलाय, एकटा आहे. कधीतरी दार उघडून माझ्यावरून हात फिरवतो आणि पुन्हा लावून घेतो.

तुमच्यापैकी कुणी आलात तर मला अंथरा. पण एक करा, म्हातारा म्हणून त्याच्यासमोर दोनच चकत्या लावू नका. त्याला ते लगेच कळेल.