नुसतं किशोरी

आमच्या ह्यांचं डोकं फिरलं ते त्या मोबाईलमुळं. आमची किशोरी आयर्लंडला युनिव्हर्सिटीत शिकवते, केमिस्ट्री. तिकडं टर्म नुकतीच सुरू झालेली. आणखी तीन वर्षं राहा म्हणून तिला विचारलंय, आणि आज उत्तर द्यायचं होतं. पोरगी म्हणाली, बाबा हो म्हणतील तरच राहीन. इकडं अलिबागच्या एका कॉलेजातही जागा निघाली होती, म्हणून हे अडून बसलेले.

दुपारी जेवणं उरकून हे ओटीवर फाटकं जाळं सांधत होते. समोर फोन उभा केलेला, त्यात किशोरी. तिकडं सकाळ. तिची नुसती धावपळ चाललेली. वर्गाची खोली बदलली म्हणून दारावर कागद चिकटव, खुर्च्या ओढ, फळा पूस, चहासुद्धा स्वतःच करून घे.

"शिपाय न्हाय काय गो तुला?" ह्यांनी विचारलं. ती हसली.

तेवढ्यात एक दाढीवाला पोरगा दारातून डोकावला. "हाय किशोरी!" त्याच्यामागून एक मुलगी आली, ती पण "किशोरी" म्हणून काहीतरी विचारायला लागली. मॅडम न्हाय, बाई न्हाय, नुसतं किशोरी! आणि आमची बया त्यांच्याशी खुशाल बोलतेय. मग तासाची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.

"ही कसली प्रोफेसर? हिला तिकडं खुर्च्या उचलायला ठेवलीय!"

"अवो, तिकडं तशीच रीत हाय. सांगितलं नव्हतं तिनं?"

"खड्ड्यात गेली रीत! हिरामणच्या पोरीला कुणीपण उठून नावानं हाक मारतो, ते मी आयकून घ्यायचं? अलिबागला ये म्हणतो तिला. हितं मॅडम मॅडम करतील." आणि खरंच फोन उचलला.

माझं टाळकं सरकलं. "ठेवा तो फोन! ह्या घरात आले तेव्हापासून मला कुणी नावानं हाक मारलीय? तुम्ही अगो म्हणता. बंदरावर मी हिरामणची बायको, आळीत किशोरीची आय, बाजारात मावशी. माझी आय गेली आणि माझं नाव घेणारं माणूसच संपलं. परक्या मुलखातली पोरं माझ्या लेकीचं नाव तोंड भरून घेतात, मला बरं वाटलं ते आयकून. तुम्हाला त्यात अपमान दिसला?"

ह्यांनी फोन खाली ठेवला. मी आत जाऊन बांगडे साफ करायला बसले. डोळ्यांना धार लागली होती आणि खवल्यांचे हात, पुसणार कशानं? तशीच कापत राहिले.

"सत्यवती."

कुणाला हाक मारतायत ते आधी मला कळलंच न्हाय.

"सत्यवती, आयकतेस ना? पोरीला फोन लाव. सांग, बाबा हो म्हणाला."

"तुम्हीच सांगा तिला," मी आतूनच म्हटलं. "आणि परत एकदा मारा हाक. नीट आयकू न्हाय आली."