धडधाकट पूल आणि भिजलेला जनरल

शरद ऋतूतल्या लुटुपुटूच्या लढाईला प्रशियात कुणी खेळ समजत नसे. जनरल ओटोमार फॉन ग्रेल्विट्झ तर मुळीच नाही. आज जिंकला, तर अख्खी डिव्हिजन त्याच्या हाताखाली येणार होती. हरला, तर घरी बसून गुलाबांना पाणी घालायचं!

आपली ब्रिगेड घेऊन तो पर्सांटे नदीच्या पुलाशी पोचला. हाताला पांढरी पट्टी बांधलेला पंच आडवा आला.

"थांबा, जनरलसाहेब! हा पूल शत्रूने उडवलाय."

पूल जागच्या जागी उभा होता. उडवल्याची खूण म्हणून कठड्याला तेवढं एक लाल निशाण होतं. तेवढ्यात धुण्याची टोपली घेऊन एक बाई पुलावरून आरामात अलीकडे आली.

"अहो बाई, पूल मोडलाय!" जनरलचा मदतनीस क्यूनास्ट ओरडला.

"अगं बाई! मग मी काय उडत आले?"

शिपाई खदखदून हसले. जनरल मात्र पलीकडे बघत होता. टेकडीवर आल्बिन फॉन टेश्कोच्या तोफा होत्या. जनरलचा शाळासोबती आणि आजचा शत्रू! सगळ्या तोफांची तोंडं दूरच्या दुसऱ्या पुलाकडे. इथे एक पहारेकरीसुद्धा नाही. मोडक्या पुलावर पहारा कोण ठेवणार?

जनरलची नजर नदीकडे वळली. तरुणपणी, नवा लेफ्टनंट असताना, तो इथेच घोडे धूत असे. त्या वाकड्या वाळुंजाच्या झाडापाशी पाणी कमरेच्या वर जात नाही!

तो टुणकन घोड्यावरून उतरला.

"साहेब, पाणी बर्फासारखं आहे. तुमचा संधिवात..." क्यूनास्ट म्हणाला.

"त्याला म्हणावं, संध्याकाळी ये!"

आणि जनरल पाण्यात शिरला. मग कोण मागे राहतो? बंदुका डोक्यावर धरून, कुडकुडत, शिव्या घालत, हसत सगळी ब्रिगेड त्या धडधाकट पुलाच्या शेजारून नदी उतरली. पंच पुलावरून कोरड्या बुटांनी बघत राहिला.

टेकडीवर आल्बिन कॉफी पीत होता. पाठीमागून हुर्रेचा गजर उठला आणि कप हातातून निसटला.

"ओटोमार! अरे, पूल मोडला होता ना?"

"म्हणून तर भिजलो, गाढवा!"

मागोमाग आलेल्या पंचाने तोफांवर हात ठेवून सांगितलं, "या ग्रेल्विट्झच्या ताब्यात गेल्या." लढाई थांबल्याचा बिगूल वाजला. दोन्ही बाजूंचे वरिष्ठ, म्हातारे सेनापती घोडा दौडवत आले. जनरलच्या बुटांतून पाणी गळत होतं.

"ग्रेल्विट्झ, शिंकायच्या आत ऐका. डिव्हिजन तुमची!"

जनरलने खाडकन टाचा जुळवल्या. पाण्याचे शिंतोडे थेट सेनापतींच्या घोड्यावर उडाले.